वाचकांचे प्रश्न : खळाळत्या पाण्यातली कयाक

मागच्या अंकात खळाळत्या पाण्यातल्या कयाकिंगविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : हृषीकेशला राफ्टिंग केलं तेव्हा आमच्या राफ्टच्या पुढेमागे एक मुलगा छोट्या बंद बोटीत एकटाच फिरत होता. मला ते शिकायचं आहे. वय २३, जलतरण तलावात २०० मीटर सलग पोहता येतं. सोलापुरात राहून हे जमेल का? जवळची नदी कोणती? (जुळे सोलापूर)

जमेल. ती छोटी बंद बोट म्हणजे कयाक, आणि तुम्ही पाहिलेला मुलगा सेफ्टी कयाकर होता. राफ्टमधून कुणी पडलं की त्याच्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचायचं, आपल्या बोटीच्या टोकाची कडी त्याला धरायला द्यायची आणि काठाच्या संथ पाण्यात आणून सोडायचं, हे त्याचं काम. तिथवर पोचायला दोन-तीन हंगाम सहज लागतात, कारण आधी स्वतःची बोट हातात यावी लागते.

सोलापूरकरांच्या सोयीची गोष्ट ही की शिकण्यातला निम्मा भाग थांबलेल्या पाण्यातच होतो. पहिला धडा उलटलेल्या बोटीतून बाहेर पडण्याचा. छातीभर पाण्यात, शेजारी एक माणूस उभा ठेवूनच तो करा. उलटल्यावर पुढे वाकायचं, स्प्रे स्कर्टच्या (कमरेभोवती घालून बोटीचं तोंड झाकणाऱ्या आवरणाच्या) पुढच्या टोकाची पट्टी आधी पुढे ताणायची आणि मग डेकपासून, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागापासून, दूर ओढायची, दोन्ही हात कमरेशी बोटीच्या कडेवर टेकवायचे आणि पँट काढावी तशी बोट पायांतून ढकलायची. घाबरून मागे रेललात तर मांड्या आत अडकतात. ही ओढायची पट्टी स्कर्टच्या आत दुमडून राहिली तर बाहेर पडणं फार अवघड होतं. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी दर वेळी ती हाताने चाचपायची. याला अपवाद नाही.

त्यानंतर सरळ वल्हवणं, बोट जागच्या जागी वळवणं, एका कडेवर कलती ठेवून चालवणं. यासाठी हिप्परग्याचा तलाव सकाळी नऊच्या आत चांगला. मासेमारांच्या जाळ्यांपासून दूर राहा आणि एकटे जाऊ नका. उजनीचा फुगवटा शिकाऊ माणसासाठी नाही. पाणी रुंद आणि उघडं असल्याने वारा सुटला की काही मिनिटांत उंच लाटा उठतात. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून जीव गेले, ते याच पाण्यात.

बोट उसनी मिळाली तर उत्तम. ६५ ते ७५ किलो वजनाच्या माणसाला २४५ ते ३०० लिटर आकारमानाची रिव्हर-रनर जातीची (वाहत्या नदीसाठी बनवलेली) बोट आणि १९४ ते १९७ सेंटिमीटरचं वल्हं ठीक बसतं. लाइफ जॅकेट फोमचं घ्या, तरणशक्ती ५० न्यूटनच्या खाली नको, नदीसाठी ७० च्या आसपास हवी. पट्ट्या आवळून घातल्यावर कुणाला तरी खांद्याला धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. सायकलचं हेल्मेट चालत नाही. कानशिलं आणि मानेच्या वरचा भाग झाकणारं पाण्याचं हेल्मेटच लागतं.

नदी म्हणाल तर आपल्याला सोयीची कुंडलिका. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून कोलाडला जायचं. प्रवाह दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे लाटा आहेत, वाट स्पष्ट आहे आणि चूक झाली तर सावरायला जागा आहे. या नदीचं आपल्याशी एक नातंही आहे. मुळशी धरण मुळा नदीवर आहे आणि मुळेचं पाणी एरवी भीमेतून उजनीत आलं असतं. पण मुळशीत अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पश्चिम बाजूला भिऱ्याच्या वीजकेंद्रावर उतरवलं जातं. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. तिथून पाणी रवाळज्याला येतं आणि पुढे कुंडलिकेत सुटतं. म्हणून कुंडलिका भर मे महिन्यातही वाहते, आणि म्हणूनच तिचं वेळापत्रक पावसावर नाही, वीजनिर्मितीवर चालतं. पाणी बहुधा सकाळी सुटतं आणि वीजनिर्मिती थांबली की ओसरतं. आदल्या दिवशी फोन करून पाणी सुटणार आहे का ते विचारा, आणि रात्रीच सोलापूर सोडा. दुसरा पर्याय विजापूर-हुबळीमार्गे दांडेलीजवळची काळी नदी. दोन्हीकडे चौकशी करताना नुसतं ‘कयाकिंग आहे का’ असं विचारू नका. वर बसायच्या उघड्या बोटींनाही कयाकच म्हणतात. बंद कॉकपिटची, म्हणजे आत बसायची बोट, स्प्रे स्कर्ट आणि शिकवणारा माणूस, तिन्ही आहे का, ते विचारा.

प्रश्न : तलावात रोल शिकतो आहे. अर्धा वर येतो आणि पुन्हा पाण्यात जातो. मित्र म्हणतो दंडात जोर कमी पडतो. व्यायाम कोणता करू? (विजापूर रस्ता, सोलापूर)

व्यायामाने हे सुटणार नाही. रोल म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच पुन्हा सुलटी करणं. जोर दंडात असतो त्यांनाच रोल उशिरा येतो, असं शिकवताना नेहमी दिसतं, कारण ते वल्ह्यावर लटकून वर येऊ पाहतात. रोलमध्ये वल्हं फक्त क्षणभराचा आधार देतं. बोट सुलटते ती कमरेने आणि गुडघ्याने, आणि डोकं सगळ्यांत शेवटी पाण्याबाहेर येतं. तुमचं डोकं आधी येत असणार. श्वासासाठी डोकं उचललं की त्या बाजूचा गुडघा आपोआप सैल पडतो, विरुद्ध बाजूचा ताणला जातो आणि अर्धी सुलटलेली बोट परत उलटी फिरते. अर्ध्यावरून परत जाणं ही याची अगदी नेमकी खूण आहे.

उजव्या हाताचा स्वीप रोल असा. पुढे वाकून धड डावीकडे वळवा, वल्हं बोटीच्या डाव्या कडेला समांतर धरा, उजवा हात पुढे, डावा कमरेजवळ. डावीकडे उलटा. उलटल्यावर घाई न करता दोन्ही हात पृष्ठभागाकडे ढकला, मनगटांना हवा लागली पाहिजे. मग उजवं पातं बोटीच्या टोकापासून बाहेरच्या बाजूला, पृष्ठभागाला धरून, अर्धवर्तुळात फिरवा. धड उलगडतं तसं पातं फिरतं, हाताने ओढायचं नाही. पातं बोटीला काटकोनात येत असताना उजवा गुडघा वर खेचा आणि डोकं उजव्या खांद्यावर टाका. नजर शेवटपर्यंत उजव्या पात्यावर ठेवा. पात्याकडे पाहणारा माणूस डोकं उचलूच शकत नाही, आणि निम्म्या शिकाऊंचा रोल एवढ्या एका सूचनेने सुटतो.

पातं खोल बुडत असेल तर दोन ठिकाणी पाहा. एक, मनगट पुरेसं वळलेलं नाही, त्यामुळे पात्याची पुढची धार खाली झुकली आहे. दोन, डावा हात बोटीच्या बुडापासून दूर सुटला आहे. डावं कोपर बरगड्यांशी चिकटून राहिलं पाहिजे.

वल्हं घेण्याआधी मात्र आठवडाभर तलावाच्या कठड्यापाशी घालवा. दोन्ही हातांनी कठडा धरा, गाल हातांवर टेकवा, बोट आपल्या अंगावर कलू द्या आणि फक्त गुडघ्याने तिला सपाट करा. गाल हातांवरच राहिला पाहिजे. एका बैठकीत २०-३० वेळा, दोन्ही बाजूंनी. कठड्यावरचा भार कमी करत जा. फोमच्या पोहायच्या फळीवर हात ठेवून जमू लागलं की वल्हं घ्या.

आणखी एक तपासा. बोटीत तुमची कंबर हलते का? हलत असेल तर गुडघ्याचा जोर बोटीला पोचतच नाही. व्यायामशाळेच्या जाड फोमच्या चटईचे तुकडे कापून कमरेच्या दोन्ही बाजूंना बसवा, मांड्यांवरच्या टेकूंना गुडघे सतत लागतील असा पायांचा आधार पुढेमागे करा. घट्ट हवं, पण झटका दिल्यावर बाहेर पडता आलं पाहिजे.

तलावात दहापैकी नऊ वेळा रोल बसल्याशिवाय वाहत्या पाण्यात त्याच्यावर विसंबू नका.

प्रश्न : जुनी प्लास्टिकची कयाक घेतली. आसनाखाली बोटभर तडा आहे. एम-सील लावलं, दुसऱ्या दिवशी सुटलं. अॅरल्डाइट चालेल का? (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

नाही चालणार. या बोटी पॉलिइथिलीनच्या असतात आणि त्या पृष्ठभागाला असला कोणताच डिंक धरत नाही. तडा वाढू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना ३-४ मिलिमीटरची भोकं पाडा. मग प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या जोडणाऱ्या कारागिराकडे न्या. त्याच्याकडे गरम हवेची गन असते. जोडायची कांडी पॉलिइथिलीनचीच हवी. बोटीच्या न दिसणाऱ्या कडेवरून सालपट तासून तेच वापरलं तर सगळ्यांत छान जुळतं. काही बोटी क्रॉसलिंक प्लास्टिकच्या असतात, त्या वितळत नाहीत आणि जोडल्याही जात नाहीत. सालपटाला आच देऊन आधी पाहा.

जोडल्यावरही ही बोट तलावापुरतीच ठेवा. आसनाखालचा भाग खडकावर सगळ्यांत जास्त घासतो.

सोलापूरच्या उन्हाची वेगळी काळजी घ्या. बोट पत्र्यावर किंवा गच्चीत ठेवू नका. सावलीत, कडेवर उभी करून ठेवा. बूड खाली टेकवून ठेवली तर एप्रिल-मेमध्ये ते आत दबतं. दबलं असेल तर कढत पाणी ओतून आतून दाब द्या, बरंचसं वर येतं.

प्रश्न : आमच्याकडे भीमेवर कोल्हापुरी बंधारा आहे. ऑगस्टमध्ये उजनीतून पाणी सुटलं की त्यावरून दोन-तीन फुटांची एकसारखी धार पडते. पोहणारे पाच मित्र आहोत, लाइफ जॅकेट आहेत. कयाकने उतरायला ही जागा चांगली वाटते. काय काळजी घ्यावी? (मंगळवेढा)

उतरू नका. काळजी घेऊन करण्यासारखी ही गोष्ट नाही. अवघड रॅपिड (नदीतला उसळत्या पाण्याचा टप्पा) उतरणारे अनुभवी लोक अशा बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागतात, बोट खांद्यावर घेतात आणि चालत पलीकडे जातात.

कारण समजून घ्या. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी सरळ तळाशी जातं आणि काही अंतरावर उसळून वर येतं. त्या उसळीपासून पृष्ठभागावरचं पाणी दोन्हीकडे फुटतं, अर्धं पुढे वाहतं आणि अर्धं परत बंधाऱ्याच्या भिंतीकडे येतं. या पट्ट्यात सापडलेली बोट भिंतीकडे ओढली जाते, धारेखाली आडवी होते, उलटते, पुन्हा वर येते, पुन्हा ओढली जाते. नदीतल्या खडकामागेही असे भोवरे असतात, पण खडक वेडावाकडा असतो, कुठल्यातरी बाजूने पाणी पुढे निसटत असतं आणि त्याबरोबर माणूसही. बंधाऱ्याची धार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखी असते, त्यामुळे निसटायला बाजूच नसते. तुम्हाला जी एकसारखी धार आकर्षक वाटली, तोच तिचा सगळा धोका आहे. उंचीचा इथे संबंध नाही, दोन फूट पुरतात. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंग नीट तोलून धरत नाही आणि वल्ह्यालाही पकड मिळत नाही. लाइफ जॅकेट तर माणसाला पृष्ठभागावर ठेवतं, म्हणजे नेमकं परत येणाऱ्या पाण्यात.

पाणी किती असतं याचाही अंदाज घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक सुटले म्हणजे सेकंदाला सुमारे २८३ टन पाणी. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो.

बंधाऱ्याच्या दारांमधल्या फळ्या काढलेल्या असतात तेव्हा धार नसते, पण खांबांमधल्या अरुंद गाळ्यांतून पाणी जोरात खेचलं जातं. बाभळीच्या फांद्या, उसाचा पाला, ओंडके तिथे अडकतात. पाणी त्यातून पार होतं, माणूस होत नाही. औज, चिंचपूर किंवा तुमच्या गावचा, सगळ्या बंधाऱ्यांना हे लागू आहे.

तरी कुणी सापडलंच तर खालच्या बाजूने बोट घेऊन जवळ जाऊ नका, वाचवणारा त्याच पट्ट्यात ओढला जातो. काठावरून थ्रो बॅग, म्हणजे दोरी भरलेली फेकायची पिशवी, टाका. १५ ते २० मीटरची, तरंगणारी पॉलिप्रॉपिलीनची दोरी हवी, आणि ओढायला तीन माणसं. दोरी स्वतःच्या कमरेला बांधायची नाही, हाताला गुंडाळायची नाही. सापडलेल्या माणसापुढे शेवटचा मार्ग म्हणून अंग गोळा करून धारेबरोबर तळाशी जाणं आणि उसळीच्या पलीकडे निघण्याचा प्रयत्न करणं, एवढंच उरतं. त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

पाच जणांची तयारी आहे, तर गाडी करून कुंडलिकेला जा. पाच जण हा नदीवर जायला फार चांगला आकडा आहे.

प्रश्न : मुलगी २१ वर्षांची, पदवी झाली आहे. एक हंगाम हृषीकेशला कयाक शिकायला राहते म्हणते. तिथली ती मुलं गाडीत झोपतात, कुठेही राहतात, बुटातून बिअर पितात असं ऐकलं. आईच्या मनाला घोर आहे. पाठवावं का? (बार्शी)

ताई, तुम्ही ऐकलेलं खरं आहे. नदीकाठचे हे लोक कमी सामानात, कमी पैशात, पाणी जिथे चांगलं तिथे राहतात. फेब्रुवारीत गंगेवर, जुलैच्या पावसात केरळात कोडंचेरीला मलबार रिव्हर फेस्टिव्हलसाठी, मग पाऊस ओसरला की नेपाळात त्रिशूली किंवा सेती नदीवर. बोट सोडून पोहावं लागलं की त्याने संध्याकाळी आपल्याच ओल्या बुटातून बिअर प्यायची, ही जगभरच्या कयाकर मंडळींची रीत आहे. ती बक्षीस-शिक्षेची नाही. पडणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि ते लपवायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. सक्ती कुणावर नसते, ताकही चालतं. मात्र पाण्यावर उतरण्याआधी दारू पिणाऱ्याला चांगला गट बरोबर घेत नाही.

बाहेरून बेफिकीर वाटणारी ही माणसं पाण्यात फार काटेकोर असतात, आणि तुमच्या मुलीच्या दृष्टीने हे जाणणं महत्त्वाचं आहे. रॅपिडच्या खाली एक जण आधी जाऊन थांबतो, मगच पुढचा उतरतो. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. वल्हं उभं धरलं तर ये, आडवं धरलं तर थांब, डोक्यावर हात थोपटला तर मी ठीक आहे. हाताचं बोट नेहमी जायच्या वाटेकडेच दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही, कारण समोरचा तिकडेच जा असं समजू शकतो. नवख्याला अनुभवी माणूस आपली बोट वापरायला देतो, त्याची गाडी खाली पोचवून ठेवतो, आणि त्याचे पैसे मागत नाही. ‘आज मी हा रॅपिड उतरणार नाही’ म्हणून चालत जाणाऱ्याला चांगल्या गटात कुणी हसत नाही. मुलीला सांगून ठेवा, जिथे हसतात तो गट सोडायचा.

पाठवायचं तर शाळा निवडण्याआधी फोनवर विचारा. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? चारपेक्षा जास्त नकोत. शिक्षकाचं प्रथमोपचाराचं आणि वाहत्या पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण झालं आहे का, प्रमाणपत्र दाखवतील का? पहिले दिवस संथ पाण्यात असतात की थेट शिवपुरीच्या खाली नेतात? थेट नेणारी शाळा नको. गोल्फ कोर्स, रोलर कोस्टर या नावाचे रॅपिड पहिल्या आठवड्यातले नाहीत, आणि ब्यासीजवळचा ‘द वॉल’ तर पहिल्या हंगामातलाही नाही. मुलींची राहण्याची सोय, रात्री मुक्कामी असणाऱ्या जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर, जवळचं मोठं रुग्णालय, हेही विचारून घ्या. गंगेचं पाणी उन्हाळ्यातही हिमालयाचं थंडगार असतं, ३ मिलिमीटरचा वेटसूट (अंगाला चिकटून ऊब राखणारा रबरी पोशाख) सोबत द्या. अपघात विमा असेल तर साहसी खेळ वगळल्याचं कलम त्यात आहे का ते नीट वाचा, बऱ्याच पॉलिसींत ते असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं. तेव्हा काम करून शिकायचा तिचा बेत असेल तर या दोन महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करायला सांगा. पुढे यातच राहायचं तिच्या मनात आलं, तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथल्या अभ्यासक्रमांची चौकशी तिने स्वतः करावी. आमचं मत विचाराल तर पाठवा. पण आधी एकदा तिच्याबरोबर कोलाडला जा, ती पाण्यात उतरेल तेव्हा काठावर उभ्या राहा.

प्रश्न : चष्मा उणे साडेचार आहे. कयाक करता येईल का? कानही वरचेवर ठणकतो. (पंढरपूर)

येईल. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना रबरी पट्टा लावून तो डोक्यामागे घट्ट करा आणि वर हेल्मेट घाला. काच नको, प्लास्टिकचं भिंग घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स नदीत वाहून जातात आणि तलावाच्या पाण्याने डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून रोजच्या रोज टाकून द्यायच्या लेन्ससुद्धा शक्यतो टाळा. रोलच्या सरावात चष्मा काढून ठेवा, पात्याची दिशा अंधुक दिसली तरी पुरते. नाकाला क्लिप लावा, नाहीतर दहा रोलमध्ये कपाळ दुखू लागतं. कानाचं मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. पडद्याला छिद्र असेल तर ते बरं होईपर्यंत डोकं पाण्याखाली नेऊ नका. छिद्र नसेल तर सिलिकॉनचे बोळे घाला, आणि सराव संपल्यावर कान खाली करून पाणी निथळू द्या. कापसाची काडी आत घालू नका.